वाळीत टाकलेली ओवी

जुन्या जात्याचा खुंटा नीट पाहिला, तर त्यावर कधी कधी दोन गुळगुळीत पट्टे दिसतात. एक वर, एक खाली. एकटीनेच दळले तर एकच पट्टा पडतो. दोघी समोरासमोर बसून वर्षानुवर्षे ओढत आल्या की दोन पडतात. सावरखेड्याच्या साळूबाईच्या खुंट्यावर असे दोन पट्टे होते. वरचा तिचा, खालचा तिच्या लेकीचा, चंद्राचा. चंद्रा नदीपलीकडे लोणाऱ्याला नांदायला गेली आणि विधवा साळूबाई एकटीच दळू लागली.

त्याच सुमारास शांतवनबाबा सावरखेड्यास आले. गावाबाहेर निंबाखाली त्यांनी एक खोली बांधली, भिंती स्वतः लिंपल्या, आणि रविवारी तेथे एकतारीवर येशूचे कीर्तन सुरू केले. साळूबाई दाराशी बसून ऐकायची. वाचता तिला येत नव्हते. पण रात्री ऐकलेले पहाटे जात्यावर बसले की आपोआप ओवीत उतरायचे. केवढी देवाची देणगी ही!

पाण्यात बुडे पेतर, लाट आली गळ्यापाशी
धनी येशूनं हात दिला, घेतला गं उराशी

अशी तीन वर्षे गेली. बाप्तिस्म्याविषयी बाबांनी तिला एकदाच विचारले. ती म्हणाली, "बाबा, येशू माझाच आहे. पण मी पाणी घेतलं तर भावकी चंद्राचं माहेर तोडील. उद्या सांगते." बाबा म्हणाले, "सावकाश सांगा." तो उद्या काही उजाडत नव्हता.

भावकीचा मुख्य पंच भिवजी हा तिचा थोरला दीर. एका सकाळी तो तिच्या दारावरून जाताना ओवी ऐकून थबकला.

"काय गं साळू, कोण हा पेतर? आपल्या भावकीतला दिसत नाही!"

सोबतचे दोघे हसले. साळूबाईने पदर सावरला. "येशूचा चेला होता, भावजी. देवाचा माणूस."

"असं? मग तुझ्या देवाला म्हणावं, ये, बस समोर, ओढ खुंटा! एकटी कशाला दमतेस?"

साळूबाई हळूच म्हणाली, "तोच ओढतो म्हणून तर दळण होतं."

दोघे सोबती पुन्हा हसले, पण या वेळी भिवजीकडे पाहून. तेच त्याला लागले. त्याने जात्याची वरची दगडी तळी उचलवली आणि नदीच्या डोहात टाकून दिली. दुपारी पंच बसले. साळूबाईला वाळीत टाकले. तिला गावात कोणी विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचे नाही, आपल्या जात्यावर दळू द्यायचे नाही.

साळूबाई बाजरीची पाटी घेऊन बाबांकडे आली आणि रडू लागली. बाबांनी आधी तिला भाकरी दिली. मग म्हणाले, "घोगरगावला तुमची बहीण आहे ना? तिच्या जात्यावर दळा."

"तिथंही निरोप जाईल, बाबा."

"जाऊ द्या. रुईचं बोंड झाडावर मिटलेलं असतं. कोणी काठी मारून फोडलं की आतल्या बियांच्या म्हाताऱ्या उडतात, आणि कुठं जाऊन रुजतील ते काठी मारणाऱ्यालाही कळत नाही. यरुशलेमेत येशूभक्त स्तेफनाला धोंडे मारले, बाकीच्यांना हाकललं. ते जिथं जिथं पळाले, तिथं तिथं वचन पोचलं. हाकललं नसतं तर ते घरीच बसले असते की!"

साळूबाई घोगरगावी गेली. दुसरीच्या जात्यावर दळायचे तर घरधनीण समोर बसते, आणि एकीने ओवी धरली की दुसरीने ती उचलायची, हा बायकांचा रिवाज. भिवजीला हे कुठले ठाऊक असणार! पुरुषमाणूस जात्यापाशी कधी बसतो? घोगरगावच्या बायकांनी ओव्या उचलल्या. आठवड्यात भिवजीचा निरोप आला, आणि साळूबाईला तेथून निघावे लागले. मग ती दहिवडीला गेली. तेथेही निरोप. मग त्याच्या पुढचे गाव. एकेक दार बंद होत गेले, आणि बंद दारांच्या आत ओव्या राहून गेल्या. लोणाऱ्याला मात्र ती गेली नाही. लेकीला बोल लागेल, ही धास्ती.

मार्गशीर्षापर्यंत बाबांच्या खोलीसमोर अनोळखी बायका येऊन बसू लागल्या. एक म्हातारी तर तीन कोस चालत आली आणि टेकायच्या आधीच विचारती झाली, "बाबा, तो ओवीतला पेतर वाचला ना? बुडाला नाही ना?" बाबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "वाचला, आजी. बसा, सगळं सांगतो." ज्या गावांत बाबांचे पाऊल पडले नव्हते, तेथे त्यांच्याआधी येशूचे नाव पोचले होते.

हे भिवजीच्या कानी गेले. तो साळूबाईच्या दाराशी आला. "उद्या पहाटे लोणाऱ्याला जातो. चंद्राच्या सासरी सांगून येतो, तिला माहेर उरलं नाही. तू ओव्या सोडल्यास तरच मी थांबेन. बोल."

साळूबाईने रात्र जागून काढली. उजाडण्याआधीच ती बाबांकडे धावली. "बाबा, मी सोडते. लेकीविना नाही जगवणार मला."

बाबा म्हणाले, "सोडायच्या तर सोडा. मी रागावणार नाही, आणि येशूही तुम्हाला सोडणार नाही. पण आधी गुडघे टेकू."

दोघांनी गुडघे टेकले. साळूबाई चंद्राचे नाव घेत राहिली. उजाडू लागले, तसे तिचे लक्ष दाराबाहेर गेले. निंबसुद्धा दिसेना, असे दाट धुके उतरले होते. ती म्हणाली, "देवा, नदीवर धुकं आहे. भावजींना उतार दिसायचा नाही. त्यांना सांभाळ." बाबा म्हणाले, "आमेन."

त्या वेळी भिवजी पाण्यात होता. उताराची वाट सुटली होती. कोणता काठ पुढे नि कोणता मागे, हे कळेना. एक पाऊल टाकले तर पाणी कमरेवरून छातीला आले. डोहाची ओढ पायांना लागली. त्याने हाका मारल्या. उत्तर आले नाही. तेवढ्यात डावीकडून जात्याची घरघर आली आणि एका बाईचा संथ आवाज: पाण्यात बुडे पेतर, लाट आली गळ्यापाशी...

भिवजी आवाजाच्या रोखाने वळला. पाणी कमरेला आले, मग गुडघ्याला. कितीतरी वेळ तो चालत होता आणि तेवढा वेळ ओवी चालू होती. पाय वाळूला लागले, तशी ती थांबली.

लोणारे तेथून पाव कोस. जात्याचा आवाज एवढ्या लांब येत नाही. धुक्यात कधी येतो, असे कोणी म्हणेल. पण पुढे जे झाले ते ऐकावे. ओलाचिंब भिवजी चंद्राच्या घरी पोचला, तर चंद्रा आणि तिची सासू जात्यावर बसल्या होत्या आणि तीच ओवी गात होत्या. जात्याभोवती पीठ जेमतेम मूठभर पडले होते.

"कधी बसलात दळायला?" त्याने विचारले.

"हे काय, आत्ताच," सासू म्हणाली. "धुक्यानं उशीर झाला. अगं बाई, इवाई, तुम्ही तर भिजलात!"

"आणि ही ओवी?"

"घोगरगावच्या सुनेनं आणली. कुणी वाळीतली बाई म्हणायची म्हणे. दळताना फार गोड वाटते."

चंद्रा मान खाली घालून म्हणाली, "मी ओळखली होती, काका. चाल आईची आहे. पण बोलले नाही."

 माहेर तोडायला आलेला भिवजी दोघींना म्हणाला, "चला, साळूकडे जाऊ."

धुके निवळल्यावर तिघे नदी उतरून सावरखेड्यास आले. निंबाखाली पाचसहा बायका जमल्या होत्या. भिवजीने त्यांच्यासमोर घडले ते सारे सांगितले. "पाण्यात मी ऐकला तो आवाज साळूचा होता. एकटीचा. मी शपथेवर सांगतो."

बाबा म्हणाले, "साळूबाई तर इथं माझ्याजवळ होत्या. गात नव्हत्या. तुमच्यासाठी प्रार्थना करत होत्या."

"माझ्यासाठी?"

"धुकं पाहून म्हणाल्या, भावजींना सांभाळ."

भिवजीने बाबांच्या पायांवर डोके ठेवले. बाबांनी त्याला दोन्ही हातांनी उठवले. "माझ्या पायांत काही नाही, भिवजी. ज्यानं हात दिला त्याला वंदन करा." मग भिवजी धाकट्या भावाच्या विधवेपुढे वाकला. त्या गावात असे कोणी कधी पाहिले नव्हते. "साळू, चुकलो. आजपासून तू वाळीत नाहीस. आता तुला कसलं भय नाही. ओव्या म्हण, माहेर चालव, आहेस तशी सुखानं राहा."

चंद्राच्या सासूने साळूबाईचा हात धरला. चंद्रा आईला बिलगली होती. बाबांनी काहीच विचारले नाही. त्या एका वेळेनंतर पुन्हा कधी विचारले नव्हते, तसेच.

साळूबाईने लेकीच्या केसांवरून हात फिरवला, तिला हळूच बाजूला केले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मला बाप्तिस्मा द्या."