आबांनी ओतलेल्या पुड्या

एकदा एक वृद्ध वैद्य होते. नजर अधू झालेली, त्यामुळे औषध तोलून पुड्या बांधण्याचं काम त्यांची शिष्या सगुणा करी. बाई चारच बुकं शिकलेली, पण हिशेबाला अशी चलाख की दुसऱ्यानं बोट मोजायला उचलावं आणि हिनं उत्तर सांगून मोकळं व्हावं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, सगळी वजनं जिभेवर.

पण वैद्यबुवांची एक खोड होती. सगुणानं पुडी बांधली की ते ती सोडत, औषध बरणीत परत ओतत आणि म्हणत, "मांडून दाखव."

"चुकलं का आबा?"

"नाही. मांड."

मग लाल-काळ्या गुंजा जमिनीवर मांडायच्या. आधी माशाच्या गुंजा करायच्या, मग द्यायच्या तेवढ्या बाजूला काढायच्या, मग उरलेल्यांची वाटणी. उत्तर तेच यायचं. दारातल्या बाया हसायच्या, "काय गं, सागरगोटे खेळतेस का?" सगुणाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दिवाळीनंतर इथं पाऊल टाकायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

अशात तिचीच लेक तापानं फणफणली. औषध जालीम; कमी पडलं तर गुण नाही, जास्त झालं तर जीव घेणारं. वैद्यबुवा म्हणाले, "दिवसाचं मिळून दीड मासा. चार गुंजा आत्ता दे. उरलेल्याच्या दोन सारख्या पुड्या कर, दुपारची नि संध्याकाळची."

सगुणानं चार गुंजा औषध पोरीला चाटवलं आणि धावत येऊन दोन पुड्या बांधल्या. "सात-सात गुंजांच्या."

वैद्यबुवांनी दोन्ही पुड्या सोडून बरणीत ओतल्या.

"आबा, पोर तिकडं पेटलीय! माणूस आहात का कोण?"

"दुपारला वेळ आहे. मांड."

दात खात ती बसली. एका माशाच्या आठ गुंजा. अर्ध्याच्या चार. झाल्या बारा. त्यातल्या चार दिलेल्या, उरल्या आठ. दोन वाटे. चार-चार.

सात नव्हेत. तिनं पुन्हा मोजल्या; चारच. घाबऱ्या डोक्यानं तिनं मासा बारा गुंजांचा धरला होता. तोळ्याचा आकडा माशाला लावला होता. दीड माशाच्या अठरा, चार गेल्या, चौदा; म्हणून सात. जवळजवळ दुप्पट विष ती आपल्या हातानं लेकीला चाटवणार होती.

वैद्यबुवा हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुझं उत्तर रोज बरोबर यायचं, ते मला दिसत होतं. पण ते कुठल्या वाटेनं आलं, हे तुलाही दिसत नव्हतं. मग चुकेल त्या दिवशी चूक कुठं शोधणार होतीस? चुकायच्या दिवशी डोकं जागेवर नसतं. त्या दिवसासाठी हाताला सवय लावत होतो."

सगुणानं चार-चार गुंजांच्या पुड्या बांधल्या, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि गेली.

तिसऱ्या दिवशी लेकीनं भाकरी मागितली. दिवाळी आली, गेली. सगुणा तिथंच राहिली. आता पुडी बांधली की आबांनी हात पुढं करायच्या आत ती स्वतःच सोडते, औषध बरणीत ओतते आणि गुंजा घेऊन खाली बसते.

आपलं बरोबर आलेलं उत्तर जो पुन्हा मांडायला लावतो, त्याच्यावर चिडण्याआधी त्याला एकदा मनातून नमस्कार करावा.