कोल्होबाची पांढरी गोळी

एका माळाच्या उतारावर उंदरांची मोठी वस्ती नांदत होती. मुलांनो, हे उंदीर कष्टाळू होते, पण जरा भोळे. आदल्या वर्षी कोल्होबाने गुहेत काहीबाही उकळून लाल गोळ्या बनवल्या होत्या. त्या खाऊन उंदीर तहानभूक विसरले, भरदिवसा उघड्यावर धावत सुटले आणि आयतेच कोल्होबाच्या तोंडी पडले. तेव्हा पंचांनी नियम केला, 'लाल गोळी बंद.' झाले. यंदा भुईमुगाच्या काढणीनंतर कोल्होबा पांढऱ्या गोळ्या घेऊन हजर.

"नियम लाल गोळीचा आहे, ही तर पांढरी. अगदी नवी," तो साळसूदपणे म्हणाला. "एक गोळी खा आणि तीन दिवसांचं काम एका दिवसात उरका." शेतात राहिलेल्या शेंगा नांगर फिरायच्या आत बिळात न्यायच्या होत्या, नाहीतर पिल्ले उपाशी मरणार होती. बिळांच्या तोंडाशी बसलेले पंच डोकी खाजवू लागले. नियमात पांढरा रंग कुठेच नव्हता.

"रंग कशाला बघता?" म्हातारी घूसमावशी म्हणाली. "खाणाऱ्याचे पाय कुठे वळतात ते बघू या." तिने शेजारी शेजारी दोन बिळे खोदली, एक काळ्या मातीत, एक मुरमात. वस्तीतला सर्वांत दांडगा उंदीर, पाच पिल्लांचा बाप, मिशा पिळत पुढे आला. "मला काही होत नाही, मावशी. घ्या परीक्षा."

तीन दिवस त्याला सकाळी काळ्या मातीच्या बिळात शेंगदाणे मिळाले आणि दुपारी मुरमाच्या बिळात गोळी. गोळी खाऊन गड्याने मातीचे ढीगच्या ढीग उपसले. पंचांच्या माना डोलू लागल्या. "थांबा, अजून चौथा दिवस आहे," मावशी म्हणाली.

चौथ्या दिवशी मुरमाचे बीळ रिकामे ठेवले, काळ्या मातीच्या बिळात टपोरे दाणे मांडले आणि उंदराला मधोमध मोकळे सोडले. दाण्यांकडे ढुंकूनही न बघता तो थेट मुरमाच्या बिळात शिरला आणि कोपरे हुंगत बसला. संध्याकाळी पिल्लांनी दाराशी येऊन हाका मारल्या, तरी तो हलेना. मावशीने शेपटी धरून बाहेर ओढले, तेव्हा त्याला रडू फुटले. "मावशी, तिथे काहीच नव्हतं. तरी माझे पाय तिकडेच गेले." लाल काय आणि पांढरी काय, दोन्ही एकाच माळेचे मणी, हे साऱ्यांना कळून चुकले आणि पंचांनी पांढरी गोळीही बंद केली.

वस्तीने त्याला वाऱ्यावर सोडले नाही. दोन दिवस आळीपाळीने जवळ बसून त्याला भरवले. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि सर्वांच्या पुढे शेतात गेला. नांगर यायच्या आदल्या दिवशी शेवटची शेंग बिळात पोचली, तीही गोळीशिवाय, उंदरांच्या स्वतःच्या बळावर.

मग एके सकाळी कोल्होबा हिरव्या गोळ्या घेऊन आला. "ही तर पांढरी नाही," तो म्हणाला.

"रंग राहू द्या," दांडगा उंदीर म्हणाला. "मावशी तुमच्या मापाची दोन बिळं खोदून देतील. या वेळी परीक्षेला तुम्हीच बसा. फक्त चार दिवस."

कोल्होबाने आपल्या गोळ्यांकडे पाहिले, गाठोडे उचलले आणि शेपूट घालून जो पळाला, तो पुन्हा त्या माळावर फिरकला नाही. साऱ्या वस्तीने उड्या मारून आनंद केला. त्या वर्षी एकही पिल्लू उपाशी झोपले नाही.

तात्पर्य : नवी वस्तू आली की तिचा रंग आणि नाव विचारत बसू नये, ती घेणाऱ्याचे पाय कुठे ओढते, ते आधी पाहावे.