अनुलेला आलेले निरोप

पूर्वी वेलापट्टण नावाच्या बंदरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तांडेलाच्या घरी जन्मला आणि मोठेपणी स्वतःही जहाज चालवू लागला.

त्या बंदरात 'ठकवणे' हा शब्द फार हलका झाला होता. मावशी भाच्याला लाडू दाखवून पाठीमागे लपवी आणि म्हणे, "ठकवलं की नाही!" शिळा मासा ताजा म्हणून खपवणारी कोळीणही तेच म्हणे आणि तशीच हसे. मुलगी द्यायची तर मुलाच्या अंगी हा गुण कितपत आहे, याची चौकशी होई. ठकवणारा मिशीला पीळ देई. ठकलेला तोंड लपवी.

परदेशी गेलेल्यांचे निरोप परतणाऱ्या जहाजांवरचे लोक तोंडीच आणीत. निरोप्याला ओसरीवर बसवायचे, पाय धुवायला पाणी द्यायचे, पोटभर वाढायचे आणि मग निरोप ऐकायचा, अशी रीत होती. त्याला उलट प्रश्न करणे लोक असभ्य मानीत. या रीतीवर तिंबरू नावाचा एक माणूस पोसला गेला होता. खाडीच्या मुखापलीकडे तो कधी गेला नव्हता. तरी जहाजे लागली की अंगाला खारे पाणी चोपडून तो घरोघर निरोप सांगत फिरे.

अनुलेचा नवरा सोणक ज्या जहाजावर गेला, ते परतले नाही. ते बुडाल्याचेही कोणी पाहिले नाही. त्यामुळे अनुलेला रडून मोकळेही होता येईना. ती रोज दोघांचा भात रांधी. तिंबरू दर हंगामात येई, सोणकाच्या वाटचा भात जेवी आणि सांगे, "पुढच्या वाऱ्याला येतो म्हणालाय."

एका वर्षी त्याने वेगळाच निरोप आणला. सोणक शंखबेटावर आहे, पाय मोडल्यामुळे त्याला निघता येत नाही, अनुलेनेच यावे. धक्क्याजवळचे घर तांडेलाला देऊन जहाजावर जागा मिळवावी, हेही त्यानेच सुचवले. घराची मागची पडवी मात्र त्याने स्वतःसाठी मागून घेतली.

अनुला बोचके घेऊन धक्क्यावर आली आणि बोधिसत्त्वाला म्हणाली, "तांडेल, घर तुमचं. मला शंखबेटावर उतरवा."

बोधिसत्त्व दुसऱ्याच्या झोपडीत राहत होता. अनुलेचे घर त्याने येता-जाता कितीदा तरी न्याहाळले होते. नुसते 'बरं' म्हणायचे बाकी होते. तो म्हणाला, "बाई, त्या बेटावर गोडं पाणी नाही. तिथं माणूस राहत नाही. मी तुम्हाला तिथं उतरवणार नाही."

धक्क्यावरचे लोक हसू लागले. "ठकली रे, अनुला ठकली!"

तिंबरूही हसला. "अहो तांडेल, गमतीत घ्या की. चार शब्द बोललो. कुणाचा गळा तर नाही कापला?"

"ठकवणं म्हणजे काय, तिंबरू?" बोधिसत्त्वाने शांतपणे विचारले.

"अकलेचा खेळ. ज्याला कळलं नाही, तो हरला."

"मला कळलं होतं," अनुला म्हणाली.

हसणे थांबले.

"पहिल्याच वर्षी कळलं. 'घरच्या अंबाडीच्या भाजीची आठवण काढतो,' म्हणालास. त्यांना अंबाडीचा वाससुद्धा सोसत नसे. तरी तुला वाढलं. गावात त्यांचं नाव घेणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं रे."

"मग आज का निघालात?" बोधिसत्त्वाने विचारले.

"डोक्याला ठाऊक होतं. पाय ऐकेनात."

टोपली घेऊन उभी असलेली एक कोळीण पुढे झाली. "माझ्याकडंही जेवून जातो हा. माझ्या पोराचे निरोप घेऊन येतो."

"मग कधी बोलली नाहीस ती?" कोणीतरी विचारले.

"हसला असतात, मेल्यांनो. आत्ता हसलात तसे."

बोधिसत्त्व लोकांकडे वळला. "घरातली माणसं झोपायची वाट चोर पाहतो. ठक त्याहून वाईट. आपण ज्याची वाट पाहतो, त्याचं नाव घेऊन तो दार वाजवतो. दार उघडणारीला तुम्ही मूर्ख म्हणता आणि वाजवणाऱ्याला हुशार. उद्या खरा निरोप घेऊन कोणी आला, तर या बंदरात दार कोण उघडेल?"

तिंबरू गर्दीतून वाट काढत निघून गेला. त्या हंगामात त्याला कोणी पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही.

बोधिसत्त्वाने अनुलेचे बोचके उचलून तिच्या ओसरीवर नेऊन ठेवले. "घर तुमचंच राहू दे. सोणकाबरोबर मी एक हंगाम वल्हं मारलंय. सांगण्यासारखी काही बातमी नाही, म्हणून आजवर आलो नाही. चुकलंच. वल्ह्याचं गाणं तो इतकं बेसूर म्हणे, की मागचे सगळे ओरडत. तरी तोच आधी सुरू करी."

"हो," अनुला हसत म्हणाली, आणि तिचे डोळे वाहू लागले. "बेसूरच म्हणायचे. आणखी?"

तिच्या चेहऱ्यावरची ओढ बोधिसत्त्वाला पाहवेना. आणखी एखादी गोष्ट रचणे अगदी सोपे होते. ती खोटी आहे, हे या जगात कोणालाच कधी कळले नसते.

"आणखी काही आठवत नाही," तो म्हणाला. "याहून जास्त बोललो, तर ते ठकवणं होईल."

अनुलेने मान हलवली. मग तिने पान मांडले आणि सोणकाच्या वाटचा भात त्याला वाढला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, लेकरू गेलेल्या उपासिकेला 'तुझं बाळ मला देवलोकात दिसलं' असं सांगून ज्यानं काल भिक्षा मिळवली, तोच तेव्हाचा तिंबरू. ती उपासिका म्हणजे अनुला. तांडेल मी होतो."

"आणि भन्ते, धक्क्यावर हसलेले लोक?" एका भिक्षूने विचारले.

शास्त्यांनी सभेवरून सावकाश नजर फिरवली. त्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही.

ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्य पूर्णत्वाला नेण्याची, कथा आहे.