काळकेत मेल्याची साखर

एका राज्यात काळकेत नावाचा मांत्रिक मेला. बोराची बी घशात अडकली आणि मेला, बरं झालं! आणि राजा शूरध्वज, ज्याने जन्मभर त्याचे पाय चेपले, तो निर्लज्ज हत्तीवर बसून साखर वाटत निघाला. नगारे काय, गुलाल काय!

चितेभोवतीच्या झाडांवर साळुंक्या बसल्या होत्या. त्या साळुंक्या म्हणजे माणसं. काळकेताला जो नाही म्हणे, त्याला तो पाखरू करी. पण मंत्राला नाव लागे, आणि ते नाव ओळखीचंच कुणीतरी त्याच्या कानात सांगे. सांगणाऱ्याने आपल्या तोंडाने कबूल केलं तरच शाप सुटणार होता, तेही काळकेताची चिता विझायच्या आत. हे साऱ्या राज्याला ठाऊक होतं. म्हणून तर नगारे एवढे मोठ्याने वाजत होते!

गोमती हत्तीपुढे आडवी झाली. तिचा नवरा जिवबा विणकर. काळकेतासाठी शेला विणायला नाही म्हणाला, म्हणून आता पिंपळावर बसला होता.

"राजा, साखर कसली?"

"दुष्ट मेला, बाई. आनंद करावा."

"आनंद माझा आहे. तू कोण?"

राजाने तिच्या पदरात साखर टाकली. तिने झटकली. मोत्यांची माळ टाकली. तीही झटकली. तिसऱ्यांदा तो माहुताला म्हणाला, "घाल हिच्या अंगावर."

हत्ती म्हणाला, "हे मला सांगू नका, महाराज." आणि जागचा हलला नाही.

पिंपळावरून जिवबा ओरडला, "चिता निखाऱ्यांवर आली! बोला रे, नतद्रष्टांनो!"

नगारेवाल्या धोंडूने टिपरू फेकलं. "भावाचं नाव मी सांगितलं. वावरासाठी." एक साळुंकी खाली पडली, माणूस उठला. मग गुलालवाला बोलला. मग शेजारणी बोलल्या, सासरे बोलले. झाडं रिकामी होत गेली. कबूल करणाऱ्यांना कुणी जवळ घेतलं नाही.

पिंपळावर एकच पाखरू उरलं. न बोललेला माणूसही एकच उरला. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"तोंड उघड!" गोमती किंचाळली. "अरे, विझतेय ती! तोंड उघड!"

राजा हत्तीवरून उतरला. "काळकेताने शेला नाकारणाऱ्याचं नाव मागितलं, नाहीतर माझं सिंहासन," तो म्हणाला. "मी जिवबा दिला."

जिवबा माणूस झाला. गोमतीने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला आणि भोकाड पसरलं. राजाने मुकुट जमिनीवर ठेवला. तो कुणाला द्यायचा, हे मग परत आलेल्यांनी ठरवलं.

धोंडूने हळूच विचारलं, "वहिनी, आता तरी नाचू का?"

"आम्ही नाचू," गोमती म्हणाली. "मेला ना तो? पोटभर नाचू. तुम्ही बघा."

तसंच झालं. परत आलेले आणि त्यांची वाट बघणारे मन भरेपर्यंत नाचले. बाकीचे कडेने उभे राहिले. घरी जायची कुणाला मुभा नव्हती, राजालासुद्धा नाही.