मांडवावरचं एकच तवसं

"पण का?" मी विचारलं.

"पहिलं तवसं देवाला. कोवळं असतानाच कापायचं. आणि का, ते विचारायचं नाही," आनंदीकाकी म्हणाल्या.

काकी गावात बी राखणाऱ्या. कातळावर होणारं, काकडीहून थोराड, टोकाला वाकडं असं हे तवसं आता फक्त त्यांच्याच मांडवावर उरलं होतं. मी कृषीची पदवी घेऊन त्यांच्याकडे शिकायला आले. दोन वर्षं त्यांनी मला शेण कालवायला लावलं. त्यात बी थापून भिंतीला चिकटवायचं, एवढंच काम.

गेल्या वर्षी भिंतीवरचं बी उंदरांनी खाल्लं. सात बिया उरल्या, त्या सगळ्या यंदा लावल्या. एक वेल जगला. त्याला एकच फळ धरलं.

"कोवळ्या फळातलं बी रुजत नाही, काकी."

"ठाऊक आहे."

"मग देवाला पिकलेलं चालत नाही?"

"देवाला चालतं. मानकऱ्यांना कोशिंबीर लागते."

दुपारी मानकरी आले. विश्रामअण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ दाजी.

दाजींनी मांडवाखाली वाकून पाहिलं. "एवढंच?"

"यंदा एवढंच," काकी म्हणाल्या.

"अण्णा, यंदा देवाला बाजारातलं तवसं दाखवा," मी म्हणाले. "हे पिकू दे. बियाला दुसरं नाही."

"कॉलेजात शिकवलं का हे?"

"नाही. कॉलेजात हे तवसंच नव्हतं."

"पोरी, आजोबांपासूनचा मान आहे आमचा."

"मान राहील, अण्णा. तवसं राहणार नाही."

अण्णा काकींकडे वळले. "आनंदी, तू सांग गो हिला. नायतर दे इकडे, मी कापतो."

काकींनी कमरेची कोयती काढली. अण्णांनी हात पुढे केला.

काकींनी ती माझ्या हातात दिली.

"काप."

...

मी मांडवाखाली गेले. फळ वीतभर झालं होतं. अंगावरची लव अजून गेली नव्हती.

मी कोयती खांबाला अडकवली.

"नाही कापणार."

"गुरूचा शब्द मोडतेस?" दाजींनी विचारलं.

"मोडते."

अण्णांचा हात तसाच पुढे राहिला...

काकी वेलाकडे बघत होत्या.

"या मांडवावर पांढरं तवसंही व्हायचं," त्या म्हणाल्या. "त्याचं शेवटचं मी कापून दिलं."