उचलून ठेवलेला रस्ता

माळेवाडीत लिंबाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्याबरहुकूम करी, म्हणून त्याला कुणी काम सांगत नसे. शेवटी बहिणीने हट्ट धरला आणि तिच्या नवऱ्याने, रस्त्याच्या कामावरच्या रंगराव मुकादमाने, त्याला राखणीला घेतलं.

"उद्घाटन सुरळीत झालं तर कायमचा राखणदार करीन," मुकादम म्हणाला. "काठी देईन, शिट्टी देईन."

काठीचं लिंबाजीला काही नव्हतं. शिट्टीवर मात्र त्याचा जीव जडला.

यंत्राने जुना रस्ता खरवडला. डांबरी खडीचा ढीग पडला.

"दाजी, हा कचरा कुठं टाकू?"

"कचरा नव्हे रे! हा रस्ताच आहे, नुसता उचलून ठेवलेला. नव्या डांबरात मिसळून पुन्हा अंथरायचा. बघत राहा त्याच्याकडे."

लिंबाजी बघत राहिला. पाऊस आला. ढीग भिजला. लिंबाजी बघत राहिला.

"अरे मेव्हण्या, ताडपत्री घालायची! पाणी लागता कामा नये!"

"बरं, दाजी. आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी गटाराचं काँक्रीट ओतलं. त्यावर पाणी मारायला टँकर आला. लिंबाजीने काँक्रीट झाकलं आणि टँकर वेशीबाहेर पिटाळला. पाण्याविना गटार तडकलं.

"अरे, याला पाणी पाजायचं! भरपूर!"

"बरं, दाजी. आता तसंच करीन."

मग जुनं-नवं डांबर एकत्र होऊन डंपरातून आलं, वाफाळत. लिंबाजीने त्याला पिंपभर पाणी पाजलं. ते थिजलं आणि डंपरातच डोंगर झाला.

"अरे, हे गरम आहे तोवर पसरायचं, वर रोलर फिरवायचा!"

"बरं, दाजी."

दुसरा डंपर मागवला. लिंबाजीला लांब चिंचेखाली बसवलं, म्हणून रस्ता झाला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बहिणीने मजुरांसाठी भात पाठवला. भात वाफाळत होता. लिंबाजीने तो पसरला आणि रोलरवाल्याला हाक मारली.

"भातावर?" रोलरवाला म्हणाला.

"दाजींनीच सांगितलंय."

रोलर फिरला. भात छान बसला.

बहीण धावत आली. "मुडद्या, चांगली वस्तू अशी पसरतात होय? गोळा करायची नि झाकून ठेवायची!"

"बरं, ताई. आता तसंच करीन."

संध्याकाळी मुकादम उद्घाटनाच्या साहेबांना आणायला तालुक्याला निघाला. "रस्त्याला जप," तो म्हणाला. "शिट्टी माझ्या खिशात आहे."

पहाटे आभाळ भरून आलं. रस्ता शाळेपासून देवळापर्यंत, ताडपत्री एवढीशी. शाळेकडे घातली तर देऊळ उघडं, देवळाकडे घातली तर शाळा. लिंबाजी रडकुंडीला आला. मग त्याला ताई आठवली. त्याने जाऊन जेसीबीवाल्याला उठवलं.

"नवाकोरा रस्ता उकरू?"

"दाजींनीच सांगितलंय."

पाऊस पडून गेल्यावर साहेब आले. फीत होती, नारळ होता, ढोल-ताशे होते. फितीपलीकडे चिखल होता.

"लिंब्या! रस्ता कुठाय?"

लिंबाजीने ताडपत्रीचं टोक अदबीने उचललं.

"हा काय, दाजी. सगळा आहे. नुसता उचलून ठेवलाय. थेंब लागू दिला नाही."

आणि त्याने हात पुढे केला.

"शिट्टी?"