ओताऱ्याच्या लेकीचा अर्ज

शके पंधराशे एकवीस, मार्गशीर्ष महिना. हेमंत ऋतू नुकताच लागला होता, आणि नदीकाठच्या एका गावात जिकडे तिकडे मुले अर्ज लिहीत बसली होती.

त्या गावात एक नादशाळा होती. घंटा कशी ओतावी, तंबोरा कसा लावावा, मृदंग कसा मढवावा, हे सारे तेथे शिकवीत. ज्याला प्रवेश हवा असेल त्याने 'मला येथे का यावयाचे आहे' हे एका कागदावर लिहून द्यावे, आणि आचार्यांनी तो कागद साऱ्या गावासमोर मोठ्याने वाचावा, असा तेथील रिवाज होता. शाळा नादाची, तेव्हा कागदसुद्धा कानांनीच पारखायचा!

आदल्या वर्षी एका मुलाचा अर्ज वाटेत दवाने भिजला आणि त्यावरची अक्षरे पसरली. त्या मुलाला प्रवेश मिळाला. लोकांनी पाहिले ते फक्त कागदावरचे डाग, आणि ते अश्रूंचेच असणार असे ठरवून टाकले. तेव्हापासून गावच्या अर्जनविसाची चंगळ झाली. तो प्रत्येकाचे दुःख लांबवून लिही आणि शेवटी कागदावर मिठाच्या पाण्याचे शिंतोडे मारून देई. ज्याला दुःख नसे त्याला तो शोधून देई. पाटलांच्या धाकट्या मुलाच्या अर्जात त्याने म्हैस मेल्याचा शोक असा काही रंगविला, की ती म्हैस परसात रवंथ करीत उभी आहे हे खुद्द पाटलीणबाईही विसरल्या आणि डोळे पुसू लागल्या.

याच गावात एक ओतारी राहत असे. देवळांच्या घंटा ओतणे हा त्याचा व्यवसाय. भट्टीच्या धडधडाटात आणि हातोड्याच्या घावांत त्याचे कान हळूहळू गेले, आणि आता त्याला काहीच ऐकू येत नसे. ही गोष्ट तो आणि त्याची मुलगी सगुणा यांच्यावाचून कोणाला ठाऊक नव्हती. निदान त्या दोघांची तशी समजूत होती. बहिऱ्या ओताऱ्याकडून घंटा कोण घेईल, या भीतीने त्याने आपले बहिरेपण लपविले होते. नवी घंटा वाजवून पाहावयाची असली की सगुणा त्याच्यासमोर उभी राही. आवाज खणखणीत निघाला तर ती पदर सावरी. बसका निघाला तर वेणी मागे टाकी. मग ओतारी मान डोलवून गिऱ्हाइकाला म्हणे, "वा! काय बोलते आहे!" किंवा, "छे, ही नको. पुन्हा ओततो."

असे करता करता सगुणेचा कान इतका तयार झाला, की घंटेत केसाएवढी चीर असली तरी ती डोळे मिटून ओळखी. तिला नादशाळेत जावयाचे होते. त्यापलीकडे तिने कधी काही मागितले नव्हते.

अर्जनविसाने तिला वाटेत गाठले. "काय गं सगुणे, सारं गाव येऊन गेलं, तू नाही आलीस?"

"मीच लिहिते आहे, काका."

"लिही हो, लिही. पण घरातलं काही दुखणंखुपणं असेल ना, ते घाल. नुसत्या हुशारीवर आजकाल कोण विरघळतं?"

सगुणा घरी येऊन विचारात पडली. 'मला नाद पारखता येतो,' असे तिने लिहिले खरे. पण बाप एवढा नावाजलेला ओतारी असताना पारख मुलीला का करावी लागली, हे सांगितल्याशिवाय ते कोणाला पटणार? आणि सांगावे, तर ते गावासमोर वाचले जाणार.

ती वडिलांसमोर बसली. तो ओठ पाहून बोलणे समजून घेई, म्हणून ती सावकाश म्हणाली, "आबा, तुमच्या कानांचं लिहू का?"

ओताऱ्याचा चेहरा उतरला. "नको, बयो." मग त्याने विचारले, "त्यापायी तुझा प्रवेश हुकेल का?"

"हुकला तर पुढल्या वर्षी पुन्हा लिहीन. कान तुमचे आहेत. तुम्ही नको म्हणालात, विषय संपला."

तिने नवा कागद घेतला, समास सोडला आणि सुवाच्य अक्षरात आपल्याला येते तेवढेच लिहिले. शेवटी तिने एक शंका मांडली: 'एकाच साच्यातल्या, एकाच धातूच्या दोन घंटा निरनिराळ्या का बोलतात, हे मला समजत नाही. ते शिकावयाचे आहे.'

पौषात सगळे अर्ज शाळेच्या ओसरीवर एका टोपलीत ठेवले होते. शाळेच्या शेळ्यांना मिठाचा वास लागला. त्यांनी आधी कागद चाटले, मग चवीने खाल्ले. बिनमिठाचे दोन-तीन अर्ज तेवढे उरले.

आचार्य पोट धरून हसले. त्यांनी दवंडी पिटविली, "ज्यांचे अर्ज शेळ्यांनी मंजूर केले, त्यांनी पुन्हा लिहावे. मीठ स्वयंपाकघरात राहू द्यावे."

मुलांनी पुन्हा लिहिले, आणि वाचनाचा दिवस उजाडला. पाटलांच्या मुलाने कबूल केले की म्हैस ठणठणीत आहे, आणि तिच्या पाण्याच्या पिंपावर ताल धरताना आपण जेवण विसरतो. सारे हसले. एका मुलाने आपल्या वारलेल्या आईच्या अंगाईविषयी लिहिले होते. त्याला ते सांगावेसे वाटले होते, म्हणून लिहिले होते. ते सर्वांनी मन लावून ऐकले.

मग सगुणेचा अर्ज आला. वाचून झाल्यावर आचार्यांनी विचारले, "मुली, पारख करायला तुझे वडील असताना ती तू का करतेस?"

"त्याचं उत्तर माझ्या एकटीचं नाही, म्हणून ते मी देणार नाही. माझा कान हवा तर तपासून पाहा."

"तपासायचा कशाला? जिला अशी शंका पडते तिचा कान तयारच असतो. तुला प्रवेश दिला."

पण ओताऱ्याने मुलीच्या ओठांवरचे शब्द वाचले होते. तो ताडकन उठला आणि गरजला, "उत्तर मी देतो! मला ऐकू येत नाही! घंटा ही पारखते!"

"ठाऊक आहे!" सारे गाव एका सुरात म्हणाले.

त्याने गोंधळून मुलीकडे पाहिले. हसू आवरत ती म्हणाली, "सगळ्यांना ठाऊक आहे, आबा."

"कधीपासून?"

देवळातल्या म्हाताऱ्या गुरवीणबाई त्याच्यासमोर येऊन म्हणाल्या, "तुझी कुजबुज नदीपलीकडे ऐकू यायला लागली ना, तेव्हापासून!"

"मग माझ्या घंटा का घेत होता?"

"चांगल्या होत्या म्हणून, दुसरं काय?"

ओतारी इतका हसला की शेळ्या दावी ओढू लागल्या. तो दिवस माघ शुद्ध पंचमीचा होता. त्या दिवशी सगुणेचा प्रवेश ठरला, आणि ओताऱ्याच्या घरात लपविण्यासारखे काही उरले नाही.

तात्पर्य एवढेच ध्यानी ठेवावे: दुःख ज्याचे, ते सांगण्याचा अधिकारही त्याचाच, आणि विद्येच्या दारी जाताना आपल्याला काय येते व काय शिकावयाचे आहे, एवढे स्वच्छ सांगता आले की पुरते.